कुटुंब ग्रुप: रात्री ऐकायची नाही अशी श्रुतिका

आत्या: छोटू, तू दिलेलं 'सोर्ड ऑफ ओरायन' ऐकून संपवलं. चारही भाग एका दमात. आता दिवा मालवायची हिंमत होत नाहीये.

छोटू: तरी सांगितलं होतं, रात्री ऐकू नकोस 😄

नाना: हे काय आहे? सिनेमा का?

छोटू: नाही नाना, श्रुतिका. 'डॉक्टर हू' या ब्रिटिश टीव्ही मालिकेवरची, बिग फिनिश कंपनीने 2001 मध्ये काढलेली. नायक डॉक्टरचा आवाज पॉल मॅकगॅनचा. भंगार गोळा करणारी टोळी अंतराळात बेवारस पडलेल्या मोठ्या युद्धयानात शिरते आणि आत सायबरमेन, म्हणजे अवयव बदलून यंत्र झालेली माणसं, निपचित पडलेले. पुढचं सांगत नाही.

आत्या: सांगूच नकोस, ताईचं व्हायचंय.

ताई: माझा दुसरा भाग चालू आहे. पण अंतराळात हवा नाही, मग बाहेरचं काही ऐकू कसं येईल?

नाना: आवाजाला हवाच लागते असं थोडंच आहे! पोलादातून तो सेकंदाला 5 किलोमीटरहून जास्त वेगाने जातो. बाहेरून कुणी यानाच्या पत्र्यावर ठोकलं तर आतल्याला ऐकू येणारच.

छोटू: नाना सुटले 🙌

नाना: खरी भीती वेगळीच आहे. वीज गेली की पंखे बंद. वजनरहित अवस्थेत गरम हवा वर चढत नाही, कारण तिथे वर-खाली काही नसतंच. झोपलेल्याने सोडलेला कार्बन डायऑक्साइड त्याच्याच तोंडाभोवती साचत जातो. म्हणून अंतराळ स्थानकात पंख्यांची घरघर अखंड चालू असते. ती थांबली तर घाबरायचं.

वहिनी: नाना, साडेअकरा वाजलेत हो. झोपायचंय आम्हाला.

नाना: विषय मी नाही काढला.

आत्या: मला त्या सायबरमेनचा आवाजच सोसवत नाही. माणसंच ना ती मुळात?

छोटू: हो. 1966 मध्ये किट पेडलर आणि जेरी डेव्हिस यांनी आणले. पेडलर स्वतः वैद्यकीय संशोधक. एकेक अवयव बदलत गेलं तर माणूस नेमका कुठे संपतो, याची त्यांना धास्ती होती.

ताई: आणि त्याच्या आधी, 1960 मध्ये क्लाइन्स आणि क्लाइन या दोघा संशोधकांनी हेच आशेने मांडलं होतं! माणसाबरोबर पृथ्वीची हवा नेत बसण्यापेक्षा माणसालाच अवकाशाजोगा करा म्हणे.

नाना: मग माझ्या नव्या गुडघ्याचं काय?

वहिनी: गुडघा बदलला तरी कुरकुर तीच आहे, नाना. तुम्ही अजून माणसातच आहात.

आत्या: 😂😂

ताई: एक मात्र खटकतं. समोर काय दिसतंय ते पात्रांना बोलून दाखवावं लागतं. श्रुतिका म्हटली की ते आलंच, पण तेवढ्यात भीती उतरते. सगळे गप्प होतात तेव्हा खरा काटा येतो.

छोटू: कारण तेव्हा सायबरमॅन तू स्वतः रंगवतेस. पडद्यावर चंदेरी सूट आणि त्याची चेन दिसली की संपलं सगळं.

ताई: बरं, तिसरा भाग लावतेय. कुणी मेसेज टाकू नका, टिंग वाजलं तर फोन फेकेन.

नाना: छोटू, मलाही पाठव. आणि हेडफोन कुठे खुपसायचा तेही सांग.

ताई: नाना!!!