खडक झिजतो, कुजतो की आंबतो?

धंतोलीची_मी: कॅनडातल्या डायव्हिक हिरेखाणीवरचा लेख मराठीत करतेय. यलोनाइफच्या ईशान्येला ३०० किमीवर, बर्फाळ मुलूख. हिऱ्यांसाठी जो बिनकामाचा खडक फोडून बाहेर रचतात, तो 'वेस्ट रॉक'. 'वेदरिंग', म्हणजे हवा-पाण्याने खडक झिजणं-फुटणं, यासाठी मी 'टाकाऊ खडकाचे विदारण' लिहिलं. आमचे काका कोळसा खाणीत ओव्हरमन, म्हणजे कामावर देखरेख करणारे, होते. ते म्हणतात, विदारण म्हणजे फाडणं, हा खडक फाटत नाही, आंबतो! शाळेत भूगोलात विदारणच होतं ना?

उमरेडवाला: ताई, 'टाकाऊ खडक' खाणीत कोणी म्हणत नाही जी. ओबी म्हणतात, म्हणजे ओव्हरबर्डन, ढिगाला ओबी डंप. कामगार तर सरळ 'माती' म्हणतात, दगड असला तरी.

कोशप्रेमी: ओबी म्हणजे कोळशाच्या थरावरचं ओझं. डायव्हिकला किंबर्लाइटच्या, म्हणजे हिरे असलेल्या खडकाच्या, नळीभोवतीचा ग्रॅनाइट आणि शिस्ट निघतो, तो वर नसून बाजूला असतो. धातुक, म्हणजे कामाचा खडक, दळून उरलेला गाळ, म्हणजे टेलिंग्ज, आणखी वेगळा. तिन्ही एका पोत्यात भरू नका. विदारण बरोबर आहे, ते रासायनिकही असतं. हिंदीतून आलेलं 'अपक्षय' तेवढं टाळा.

बर्डीवरचा: 'अपक्षय' हिंदीची जहागीर केव्हा झाली? संस्कृत आहे, तुमच्या विदारणासारखंच.

जुना_हातोडा: भूशास्त्रात हाडं झिजवली, म्हणून काकांच्या बाजूने बोलतो. डायव्हिकच्या शिस्टमध्ये थोडं पायरोटाइट असतं, लोह-गंधकाचं खनिज. हवा-पाणी लागलं की गंधकाम्ल तयार होतं, ते खडकातले निकेलसारखे धातू विरघळवतं. जिवाणू या कामाला वेग देतात, वर उष्णताही निघते. आम्ल, जिवाणू, ऊब! याला आंबणं नाही तर काय म्हणायचं? आंबट शब्दही आम्लातूनच आला. थंडीत हे मंदावतं, थांबत नाही. डिसेंबरात इडलीचं पीठ फुगायला दुसरी सकाळ उजाडते, पण फुगतंच ना. नॉर्वेच्या आर्क्टिक बेटांवरच्या, स्वालबार्डच्या, कोळसाखाणींजवळच्या ढिगांत वर बर्फ असताना आत शून्याच्या वर तापमान सापडलं आहे. हिवाळाभर आत साचलेले क्षार वसंतात बर्फ वितळलं की एकदम ओढ्यात उतरतात, म्हणून पहिल्या पाण्यात धातू जास्त. गोठलं म्हणजे निवलं, असं समजणारे इथेच फसतात. लेखात हे नीट लिहा, शब्द कोणताही वापरा.

कोशप्रेमी: आंबणं अन्नाचं. खडकाला लावलंत तर वाचक हसतील.

उमरेडवाला: पावसात डबल ड्युटी मारली की अंग आंबते, त्याले काय खिचडी म्हणाव का?

बर्डीवरचा: 😂 कोशप्रेमी, उत्तर द्या.

कोशप्रेमी: तो लाक्षणिक अर्थ. शास्त्रीय लेखात चालत नाही.

जुना_हातोडा: वीज 'वाहते' ती शास्त्रीय लेखात चालते का?

रामटेकचा_पोरगा: आमच्या मनसरच्या मॅंगनीज ढिगांतून आंबट पाणी आलेलं कधी ऐकलं नाही.

जुना_हातोडा: तिथलं मॅंगनीज बहुतेक ऑक्साइडरूपात, गंधक नावापुरतं. आंबायला काही शिल्लकच नाही. कोळशाच्या थरांत पायराइट असतं, तेही लोह-गंधकाचंच, तिकडे लक्ष ठेवा.

रामटेकचा_पोरगा: म्हणजे आमचा खडक नुसता मुरतो. मुरून मुरूम होतो. बघा, व्युत्पत्तीही मिळाली!

कोशप्रेमी: मुळीच नाही. हिंदीत मुरम, तेलुगूत मोरम. लोणचंही मुरतं, त्याला मुरूम म्हणता का?

रामटेकचा_पोरगा: तेलुगूने आपल्याकडून नेला नसेल कशावरून?

धंतोलीची_मी: लेख सोमवारी द्यायचाय हो. मथळ्यात काय टाकू?

उमरेडवाला: 'ओबी' टाका अन् मोकळ्या व्हा.

बर्डीवरचा: ते होईल. आधी मला सांगा, 'मुरमाड' जमीन आधी की मुरूम आधी? आमच्या आजोबांच्या सातबाऱ्याच्या भांडणात 'मुरमाड'च ऐकलंय.

कोशप्रेमी: अर्थात मुरूम आधी. '-आड' प्रत्यय नंतर लागतो.

रामटेकचा_पोरगा: मग 'खडकाड' का नाही, 'खडकाळ' का?