कोलायटिस, क्रोन्स हे आजार आपल्याकडे खरंच एवढे असतात का?

कृष्णाकाठचा:
नमस्कार मंडळी. धाकटा भाऊ, वय २७. दीड वर्ष शौचातून रक्त जायचं, सगळे मूळव्याध मूळव्याध म्हणून मलम, इसबगोल, तिखट बंद, एवढ्यावरच राहिले. मध्ये आव पडतेय म्हणून अमिबाच्या गोळ्या पण झाल्या, पाच दिवस बरं की परत तेच. दिवसातून आठ-दहा वेळा पळायची वेळ आली, रात्री झोपेतून उठून सुद्धा, तेव्हा कुठे खालून दुर्बीण टाकली आणि अल्सरेटिव्ह कोलायटिस निघालं, म्हणजे मोठ्या आतड्याला आतून सूज आणि व्रण. आता आई म्हणते हॉटेलचं खाऊन झालं, काका म्हणतात हा गोऱ्यांचा आजार, आपल्यात नसतोच, रिपोर्ट चुकला असेल. नेटवर बघावं तर सगळे आकडे अमेरिका-कॅनडाचे. आपल्या देशात किती जणांना होतो? आणि सगळ्यांना असाच सुरू होतो का?

ओपीडी_नंबर_नऊ:
पोटविकारांच्या विभागात डॉक्टरकी शिकतोय म्हणून लिहितो, भावाचे रिपोर्ट बघितलेले नाहीत त्यामुळे उपचारावर बोलणार नाही. काकांना सांगा, पंजाबात १९९९ साली घरोघरी जाऊन पाहणी झाली होती, जवळपास ५२ हजार लोक विचारले, त्यात कोलायटिसचे २३ सापडले. म्हणजे लाखात ४४. दवाखान्यात आलेले मोजलेले नाहीत हे, दारात जाऊन शोधलेले आहेत, म्हणून मला हा आकडा जास्त पटतो. पंजाबचं गणित जसंच्या तसं इथे लावता येत नाही, पण लावलंच तर सांगली-मिरज-कुपवाडसारख्या पाच लाखांच्या शहरात दोनशेच्या वर लोक झाले, आणि त्यातले कितीतरी आत्ता मूळव्याधीचं मलम लावत बसले असतील. युरोप-अमेरिकेत लाखामागे प्रमाण आपल्यापेक्षा बरंच जास्त आहे हे खरं, पण आपली लोकसंख्या बघता लाखामागे थोडे म्हटले तरी एकूण पेशंट लाखांत जातात.

आपल्याकडे एकूण कोलायटिस जास्त, क्रोन्स (तसाच सूज-व्रणाचा आजार, पण लहान आतड्यातही होणारा) कमी, दक्षिणेकडे गेलं की क्रोन्सचा वाटा वाढतो. वय बहुतेक वीस ते चाळीस. कोलायटिसला रक्त, आव आणि ती घाई, आत्ताच्या आत्ता जायचंय असं होतं आणि गेलं तर थोडंसंच. क्रोन्सला रक्त दिसेलच असं नाही, पोटात उजवीकडे खाली दुखणं, बारीक ताप, वजन उतरणं, कधी आतडं अरुंद होऊन उलट्या. मूळव्याधीत रात्री झोपेतून उठून जुलाबाला पळावं लागत नाही, भावाच्या केसमध्ये तिथेच शंका यायला हवी होती.

हळदीचं_दूध:
वरचं क्रोन्सचं वर्णन म्हणजे माझंच वर्णन. पण मला आधी आतड्याचा टीबी सांगितला, सहा महिने टीबीच्या गोळ्या खाल्ल्या, लघवी केशरी, तोंडाला चव नाही. ताप जरा उतरला म्हणून सगळे खूश, दुर्बिणीत व्रण मात्र तसेच. शेवटी क्रोन्स ठरलं. तेव्हा फार राग आला होता, चुकीचं औषध दिलं म्हणून, नंतर दुसऱ्या डॉक्टरांनी समजावलं की हे दोन्ही लहान आणि मोठं आतडं जोडतात तिथेच बसतात आणि बायोप्सीतही (व्रणाचा तुकडा काढून तपासतात त्यात) पुष्कळदा वेगळे ओळखू येत नाहीत.

ओपीडी_नंबर_नऊ:
@हळदीचं_दूध हो, आणि हा घोळ जिथे टीबी भरपूर आहे तिथलाच, गोऱ्यांच्या देशात डॉक्टरांना एवढा पडत नाही. खरा टीबी असताना क्रोन्स समजून स्टेरॉइड दिलं तर प्रतिकारशक्ती दबते आणि टीबी पसरतो, म्हणून शंका असली की आधी टीबीची औषधं देऊन बघतात. आता मात्र दोन-तीन महिन्यांनी परत दुर्बीण टाकून व्रण भरले का ते बघायची पद्धत आहे, नुसतं बरं वाटतंय यावर जायचं नाही. बायोलॉजिकल इंजेक्शन (ही पण प्रतिकारशक्ती दाबून सूज कमी करतात) सुरू करायच्या आधी सुद्धा टीबीची तपासणी करतात ती याच भीतीने.

रानमेवा:
मला तर वाटतं पिझ्झा-बर्गरचाच प्रताप. आमच्या खेड्यात नाही बुवा कुणाला.

थेम्सवरून:
खेड्यात दुर्बीण आहे का हो? हैदराबादच्या डॉक्टरांनी दुर्बीण गाडीत घालून गावोगाव नेली, पोटाच्या तक्रारी असलेल्यांमध्ये गावात आणि शहरात प्रमाण जवळजवळ सारखंच निघालं. आणि आमच्या इकडे इंग्लंडात लेस्टरला आपली भारतीय मंडळी खच्चून आहेत, तिथला १९९२ सालचा अभ्यास आहे, भारतीय वंशाच्या लोकांत कोलायटिसचे नवे पेशंट वर्षाला लाखात ११ च्या आसपास आणि स्थानिक गोऱ्यांत ५, म्हणजे दुपटीने! काकांना हे आधी वाचायला द्या. राहणीमानाचा काहीतरी हात आहे हे मलाही पटतं, आतड्यातले जंतू बदलतात, खाणं बदलतं, पण भावाने आठवड्याला एक वडापाव खाल्ला म्हणून झालं असं कुणी त्याच्या तोंडावर बोलू नका. माझ्या चुलत बहिणीला हे ऐकवून ऐकवून तिने गोळ्याच सोडल्या होत्या, तीन महिन्यांत परत रक्त.

कृष्णाकाठचा:
सगळ्यांचे आभार. आई वाचून गप्प झाली, हॉटेलचा विषय दोन दिवस निघाला नाही. भावाला मेसालामाइन (आतड्याची सूज उतरवणारं औषध) चालू आहे, आठवरून तीन वेळांवर आलाय, रात्रीचं उठणं बंद. काकांना धागा पाठवला, त्यांनी अंगठा टाकला आणि खाली लिहिलं, तरी एकदा त्या मूळव्याधवाल्या वैद्यांना दाखवून घ्या.