पुन्हा: मागचा पेटारा अजून ४३ वरच

नमस्कार मंडळी,
पेटारा २ (कुत्र्यांच्या शीच्या कंपोस्टचा) अकराव्या दिवशीही ४३ सेल्सिअसवर. शी दोन फावडी, लाकडाचा भुसा एक फावडं, ठरल्याप्रमाणेच. वास अजिबात नाही. शनिवारी गुलाबांना घालायचंय. तसंच वापरलं तर चालेल ना?
– माई

माई,
चालणार नाही. ४३ म्हणजे जंतांच्या अंड्यांना नुसती ऊब. टॉक्सोकारा या कुत्र्यांच्या पोटातल्या जंताच्या अंड्याचं कवच जाड असतं, मातीत वर्षानुवर्षं तग धरतं. सलग तीन दिवस ५५ च्या वर, तेही सगळ्या मालाला, एवढं तरी हवंच. वास नाही यावर खूश होऊ नका. शीमध्ये नत्र (नायट्रोजन) भरपूर, ढीग नीट पेटला, म्हणजे आतून तापला, की अमोनियाचा थोडा झणका येऊ शकतो. भुशाने पाणी पिऊन टाकलं असणार. हातमोजे घालून मधली मूठभर घ्या, घट्ट पिळा. एक-दोन थेंब यायला हवेत. धार लागली तर उलटं, हवा कोंडलीय.
– आप्पा

आप्पा, पाणी दुय्यम. पेटारा आहे ६० सेंमीचा! घनमीटरभर माल नसेल तर झालेली उष्णता बाजूंनी निघून जाते. ते २:१ प्रमाण अलास्कातलं, फेअरबँक्सला १९९१ साली स्लेजच्या (बर्फावरची गाडी ओढणाऱ्या) कुत्र्यांच्या शीवर झालेल्या कामातलं. तिथे डझनावारी कुत्री, ढीग आपसूक मोठा. आपली पाच. रोज चमचाभर टाकून काही पेटत नाही. झाकणाच्या बादलीत भुशाच्या थरांत साठवा आणि एकदम रचा.
– नाना

नाना, भुसा कुठला तेही बघा. प्लायवुडचा किंवा औषध मारलेल्या लाकडाचा नको.
– दादा

मांजराचं लिटर (शी-शूची वाळू) त्याच बादलीत चालेल का? आणि सशाच्या लेंड्या?
– वहिनी

वहिनी, मांजराचं कुठल्याच पेटाऱ्यात नको. त्यात टॉक्सोप्लाझ्मा हा रोग पसरवणारा परजीवी असू शकतो, गरोदर बायकांनी तर हातही लावू नये. ससा शाकाहारी, त्याच्या लेंड्या साध्या कंपोस्टात बिनदिक्कत.
– आप्पा

साधं कंपोस्ट म्हणजे पेटारा १, आणि तो बाग समितीकडे आहे. आधी समितीला विचारावं.
– ताई, बाग समिती

पिळून पाहिलं. एक थेंब नाही. शिवाय मधोमध शीच्या सहा पिशव्या, गाठी मारलेल्या!!
– माई

पिशवीवर ‘कंपोस्टेबल’ छापलेलं असतं म्हणून टाकतात लोक. ती खूण बहुतेकदा मोठ्या कारखान्यांतल्या तापमानासाठी असते. गाठीच्या आत हवा नाही, भुसा नाही, गोळा जसाच्या तसा. फाडून रिकाम्या करा, पिशव्या कचऱ्यात.
– दादा

माई, आता सगळा माल बाहेर काढा, झारीने पाणी शिंपडत कालवा आणि नानांचा मान राखून जुना साठा मिसळून मोठा रचा. ५५ च्या वर गेल्यावर तीन दिवस थांबा. मग परता, पण नुसतं ढवळू नका: कडेचा माल मधे, मधला कडेला. कडा कधीच तापत नाही आणि अंडी तिथेच उरतात. परतल्यावर पुन्हा ५५ गाठलं तरच मोजायचं. असं चार-पाच वेळा. नंतर झाकून वर्षभर मुरू द्या. तेव्हाही फक्त फुलझाडांना, भाज्यांच्या वाफ्यात कधीच नाही.
– आप्पा

म्हणजे गुलाबांना यंदा नाही. बरं.
– माई

पेटारा २ चं फावडं काल मेथीच्या वाफ्यात रोवलेलं दिसलं. कोणी नेलं?
– ताई, बाग समिती