नाइट शिफ्टनंतर ‘मन खंबीर ठेवा’चं व्याख्यान: उपयोग होतो का?

उजळाईवाडीकर:
मी मूळचा कोल्हापूरचा, मुंबईत विमानांचा मेंटेनन्स इंजिनिअर आहे. दिवसा विमानं उडतात, म्हणून बरीचशी तपासणी रात्रीच. मागच्या महिन्यात सलग चौथी नाइट संपवून सकाळी सातला निघालो, तर आम्हाला थेट ट्रेनिंग रूममध्ये बसवलं. विषय: ताण कसा पेलायचा. माझ्या शेजारचा बसल्या जागी झोपला, तर सगळ्यांसमोर त्याची कानउघाडणी झाली. डीजीसीए म्हणजे विमान वाहतुकीवर देखरेख ठेवणारं सरकारी खातं, त्याच्या नव्या नियमांत वैमानिकांची साप्ताहिक विश्रांती 36 वरून 48 तास झाली. आम्ही इंजिनिअर, लोडर त्या नियमांत येतच नाही. माझं मत स्पष्ट आहे. आधी रोस्टर नीट लावा, मग खंबीरपणा शिकवा.

शिरोलीचा भट्टीवाला:
राग मानू नको भावा, पण हे मला पटत नाही. माझ्या वडिलांनी एमआयडीसीत फौंड्रीच्या भट्टीसमोर बावीस वर्षं काढली. त्यांना कुणी विचारून पाळी लावली नाही. तालमीत नवं पोरगं पहिल्या आठवड्यात रडतंय आणि वर्षभरात तेच शेकड्यानं जोर मारतंय. माणूस सरावानंच घट्ट होतो.

गंगावेसकर:
तालमीचं नाव काढलंस म्हणून लिहितो, मी सात वर्षं तालमीत राहिलोय. पहाटे मेहनत, मग थंडाई, जेवण आणि दुपारी झोप. त्या वेळेत कुणी गप्पा मारताना सापडला तर वस्ताद सोडायचे नाहीत. आदल्या रात्री जागलेल्या पोराला ते लढतीला उतरवत नसत. सराव सांगतोस, तर हेही सांग.

गडहिंग्लजचा माजी सैनिक:
मला दोघांचंही अर्धंच पटतं. हवाई दलात तंत्रज्ञ होतो. इंजिनात बिघाड झाला की धीर देतात ती चेकलिस्ट आणि सिम्युलेटरवर शंभरदा केलेली कृती. वरिष्ठ चुकत असेल तर कनिष्ठानं टोकायचं, हेही शिकवावंच लागतं. तेव्हा प्रशिक्षणाला नावं ठेवू नका. तुमच्याकडं वेळ चुकली, विषय नाही.

उजळाईवाडीकर:
काका, तुमचं मानतो. पण 2010 चा मंगळूरचा अपघात आठवा, 158 माणसं गेली. चौकशीत निघालं की कॅप्टन प्रवासात बराच वेळ झोपले होते आणि उतरताना निर्णय चुकले. सहवैमानिकानं पुन्हा वर घ्यायला सांगितलं होतं. म्हणजे टोकणारा होता, पण झोपेच्या गुंगीतल्या माणसापर्यंत ते पोचलं नाही. पहाटे दोन ते सहा शरीर झोप मागतंच. मी त्याच वेळेत विमानाखाली टॉर्च धरून उभा असतो.

राजारामपुरीची ताई:
माझी धाकटी बहीण केबिन क्रू आहे. ती थकवा बोलून दाखवते, पण भीती वाटते हे कधीच नाही. जून 2025 च्या अहमदाबादच्या अपघातानंतर दोन दिवस जेवली नाही आणि तिसऱ्या दिवशी ड्यूटीवर गेली. डॉक्टरकडं चल म्हटलं तर म्हणाली, ‘फाइलवर आलं तर?’ 2015 मध्ये जर्मनविंग्जच्या सहवैमानिकानं आजार कंपनीपासून लपवला आणि विमान डोंगरावर आदळवलं, 150 जीव गेले. त्यानंतर युरोपनं सहकाऱ्यांनीच सहकाऱ्याचं ऐकून घेण्याची व्यवस्था सक्तीची केली. आपल्याकडंही 2023 मध्ये डीजीसीएनं त्याबद्दल परिपत्रक काढलं. पण सांगितल्यावर नोकरी राहील, हा विश्वास कागदानं येत नाही.

शिरोलीचा भट्टीवाला:
ताई, सगळेच सांगायला लागले तर विमान चालवायचं कुणी? माझं मत अजून तेच आहे. पण हे वाचून काल रात्री वडिलांना विचारलं, तुम्हाला कधी झोप लागली होती का. बराच वेळ गप्प बसले. डाव्या पायाची ती खूण गाडीवरून पडल्याची नाही म्हणाले. पहाटे डुलकी लागली आणि तापलेला रस पायावर सांडला. घरात आजवर कुणाला माहीत नव्हतं, आईलासुद्धा.