वर्षावनांना रुपया-डॉलरमध्ये किंमत लावावी का?

कर्वेनगरकर (मूळ मांडणी): ब्राझीलमधील बेलेम येथे नोव्हेंबर २०२५ मध्ये झालेल्या हवामान परिषदेत, उष्णकटिबंधीय वने राखणाऱ्या देशांना हेक्टरी वर्षाला सुमारे ४ डॉलर देण्याची निधी-योजना पुढे आली. मला ती योग्य वाटते. ॲमेझॉनवरून वाहणारी बाष्पयुक्त हवा दक्षिण ब्राझीलच्या सोयाबीनवर पाऊस पाडते. पण जंगल तोडणाऱ्याच्या हिशेबात लाकूड, कुरण आणि सोयाबीन येते, तो पाऊस मात्र कोणाच्याच खतावणीत नसतो. कोस्टारिका १९९७ पासून इंधनकराच्या पैशातून वनमालकांना झाडे राखण्याचा मोबदला देत आहे.

सहकारनगरवासी: किंमत ठरली की ती मोजून जंगल तोडता येते, हा आपलाच अनुभव आहे. वनरक्षणाच्या गोदावर्मन प्रकरणातील सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशांमुळे वनजमीन खाण, रस्ता अशा कामांसाठी वळती करताना 'निव्वळ वर्तमान मूल्य', म्हणजे जंगलापासून पुढे मिळणाऱ्या लाभांची आजची किंमत, भरावे लागते. २००८ मध्ये हा दर हेक्टरी ४.३८ ते १०.४३ लाख रुपये होता आणि २०२२ मध्ये तो साधारण दीडपट झाला. खाणमालकाच्या अंदाजपत्रकात त्याने एक ओळ वाढते, इतकेच. भीमाशंकरच्या शेकरूला फांदीवरून फांदीवर जाण्यासाठी सलग छत्र लागते. तोडलेल्या जंगलाच्या बदल्यात दुसऱ्या जिल्ह्यात ओळीने लावलेली रोपे त्याच्या काय कामाची?

कर्वेनगरकर: आपण तोडण्याच्या फीबद्दल बोलत आहात, मी राखण्याच्या मोबदल्याबद्दल. बेलेमच्या योजनेत जंगल घटले की मोबदलाही कापला जातो.

औंधकर: फरक मान्य, पण पैशाचे श्रेय जरा जास्तच दिले जात आहे. ब्राझीलच्या ॲमेझॉनमधील वार्षिक तोड २००४ मध्ये २७ हजार चौरस किलोमीटरहून अधिक होती. २००८ मध्ये नॉर्वेने हे जंगल राखण्यासाठी १ अब्ज डॉलरपर्यंतचे आश्वासन दिले, त्याआधीच ती निम्म्याहून खाली आली होती, आणि त्यामागे उपग्रहांची नजर, छापे, नवी संरक्षित क्षेत्रे आणि तोडलेल्या जमिनीवरचे सोयाबीन न घेण्याचा व्यापाऱ्यांचा २००६ चा करार यांचा मोठा वाटा होता. इक्वाडोरचे उदाहरण तर अधिक बोलके आहे: यासुनी या ॲमेझॉनमधील राष्ट्रीय उद्यानातील तेल जमिनीतच ठेवण्यासाठी त्या देशाने २००७ मध्ये जगाकडे ३.६ अब्ज डॉलर मागितले, प्रत्यक्ष जमा झाले ते त्याच्या एक टक्क्याहूनही कमी, आणि २०१३ मध्ये योजना गुंडाळली गेली. अखेर २०२३ च्या सार्वमतात लोकांनीच उत्खनन थांबवण्याच्या बाजूने कौल दिला.

जुन्नरकर (सध्या मुक्काम पुणे): दर काय, यापेक्षा पैसा कोणाच्या हाती जातो हे मला महत्त्वाचे वाटते. आमच्या भागातील महादेव कोळी कुटुंबे बाळहिरडा (हिरड्याची कोवळी, औषधी फळे) गोळा करून अंगणात वाळवतात आणि विकतात; त्यामुळे हिरड्याच्या झाडाची किंमत त्यांना समितीने सांगावी लागत नाही. बेलेमच्या योजनेत आदिवासी आणि स्थानिक समुदायांसाठी किमान २० टक्के वाटा आहे. उरलेले ८० टक्के राजधानीतच राहणार असतील, तर त्या बदल्यात ग्रामसभेला निदान नकाराचा अधिकार हवा.

सहकारनगरवासी: नकाराचा अधिकार खरोखर मिळणार असेल, तर माझा निम्मा विरोध मागे. उरलेला निम्मा त्या ४ डॉलरला आहे, कारण सोयाबीनचा एक हंगामही त्याहून कितीतरी अधिक देऊन जातो.