शेतात गाडग्यात सापडलेली तांब्याची नाणी : नोंद कोठे आणि कशी करावी?

नमस्कार. मी बेळगाव जिल्ह्यातील खानापूर तालुक्याचा असून गेली बारा-तेरा वर्षे जुनी नाणी, अडकित्ते आणि पितळी कुलपे जमवतो. माझा संग्रह बेळगाव, निपाणी आणि संकेश्वर येथील मोडवाल्यांकडून व आठवडी बाजारांतून घेतलेल्या वस्तूंचा आहे. जमीन उकरून वस्तू शोधण्याच्या वाटेला मी कधी गेलो नाही. आता मात्र जमिनीतूनच निघालेल्या नाण्यांबाबत निर्णय घ्यावयाचा आहे, म्हणून जाणकारांचा सल्ला हवा आहे.

पंधरा दिवसांपूर्वी काकांच्या शेतातील पावसाने ढासळलेला गडगा पुन्हा रचण्यासाठी पाया उकरताना, हातभर खोलीवर टिकाव लागून एक गाडगे फुटले आणि त्यातून २३ नाणी निघाली. मी पोहोचेपर्यंत ती पाटीत काढून ठेवली होती, त्यामुळे गाडग्यात ती कशी होती हे आता कधीच कळणार नाही, याची हळहळ वाटते. काकूंनी खापऱ्या मात्र टाकू दिल्या नाहीत. जागेचे फोटो, खोली आणि विहिरीपासूनचे अंतर मी त्याच संध्याकाळी वहीत टिपले.

एका नाण्यावर ठिपक्यांच्या वर्तुळात तीन ओळींत ‘श्री राजा शिव’ आणि मागे दोन ओळींत ‘छत्रपति’ ही अक्षरे स्पष्ट वाचता येतात. सात-आठ नाण्यांवर अक्षरांच्या मध्ये आडवी जोडरेघ दिसते, म्हणजे त्या पेशवेकाळातील दुदांडी (दोन दांड्यांच्या) शिवराया असाव्यात; शिवराई म्हणजे शिवाजी महाराजांनी सुरू केलेले तांब्याचे नाणे. उरलेली नाणी हिरव्या थराखाली आहेत. घरातील मंडळी याला शिवकालीन ठेवा म्हणत आहेत, पण शिवराई १६७४ नंतर फार दीर्घकाळ चलनात राहिली, आणि गाडगे पुरल्याचा काळ त्यातील सर्वांत नव्या नाण्याच्या आधीचा असू शकत नाही. म्हणूनच ही २३ नाणी एकत्र राहणे मला महत्त्वाचे वाटते. सुटी शिवराई बाजारात पुष्कळ मिळते. ठिकाण, खोली आणि गाडग्यासह मिळालेला पुंजका आपल्या भागात गुपचूप फुटून जातो आणि त्याबरोबर त्याची माहितीही संपते. एका व्यापाऱ्याने तीन चांगली नाणी वेगळी मागितली होती. काकांनी माझ्या सांगण्यावरून नकार दिला.

१८७८ च्या निखात निधी कायद्यानुसार जमिनीत दडलेला, दहा रुपयांहून अधिक किमतीचा ठेवा सापडल्यास त्याचे स्वरूप, अंदाजे किंमत, ठिकाण आणि तारीख जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावी लागते. शंभर वर्षांहून जुने नाणे १९७२ च्या पुरावस्तू कायद्याच्या व्याख्येतही येते. कर्नाटकाचा या विषयावर स्वतंत्र कायदाही आहे. ज्यांनी बेळगाव जिल्ह्यात प्रत्यक्ष अशी नोंद केली आहे, त्यांनी कृपया सांगावे, की अर्ज थेट जिल्हाधिकारी कचेरीत द्यावा की तहसीलदारांमार्फत, आणि पोच घेताना प्रत्येक नाण्याचे वजन व छायाचित्र त्या कागदाला जोडून शिक्का घेता येतो का? शेत सरकारजमा होईल अशी भीती काकांना कुणीतरी घातली आहे. प्रत्यक्ष अनुभव असलेल्या कुणी याचे उत्तर दिले तर त्यांच्या मनावरचा भार उतरेल.

दुसरी अडचण तातडीची आहे. बहुतेक नाण्यांवरील हिरवा थर कठीण व गुळगुळीत आहे, परंतु चार नाण्यांवर फिकट हिरवी भुकटी धरली असून कापूस टेकवताच ती गळते. मातीतील क्षारांमुळे तांबे आतून पोखरत जाते तो हाच प्रकार असावा. पूर्वी मी एक शिवराई चिंचेच्या कोळाने घासली होती. ती लख्ख झाली, पण ‘शिव’मधील वेलांटी कायमची गेली. तेव्हापासून मी नाण्यांना पाणीही लावत नाही. ही चार नाणी मी वेगळ्या कागदी पाकिटांत घालून सिलिका जेलच्या पुड्यांसह घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवली आहेत. नाणी सरकारच्या स्वाधीन करेपर्यंत एवढे पुरेल, की आमच्याकडील पावसाळी दमट हवेत आणखी काही करावे लागेल?

शेवटची विनंती अर्जाच्या भाषेविषयी आहे. अर्ज कन्नडमध्ये द्यावा लागेल असे वाटते. मला बोलण्यापुरते कन्नड येते, पण ‘गाडगे’, ‘गडगा’ आणि ‘दुदांडी’ यांसाठी सरकारी कागदात कोणते शब्द वापरतात ते माहीत नाही. कुणाकडे अशा अर्जाचा नमुना असल्यास नावे झाकून येथे द्यावा. येत्या सोमवारी काकांना घेऊन कचेरीत जाण्याचा विचार आहे.