बाबांसाठी कुत्रा आणावा का, आणि कोणता? (पार्ले, तिसरा मजला, लिफ्ट नाही)

नमस्कार मंडळी,

आम्ही विलेपार्ले पूर्वेला जुन्या इमारतीत राहतो. घरात मी, नवरा, सातवीतली लेक आणि माझे बाबा. बाबा ७२ वर्षांचे, तब्येत चांगली, सकाळ-संध्याकाळ फिरायला जातात. आई गेल्यापासून मात्र आम्ही बाहेर पडलो की दिवसभर एकटे असतात. मध्यंतरी ते आपणहून म्हणाले, "एखादं कुत्रं आणूया का?" बऱ्याच दिवसांनी त्यांनी काहीतरी हवंय म्हणून सांगितलं, त्यामुळे मला हे मनापासून करायचंय. पण उत्साहाच्या भरात आणून मागाहून त्या जिवाचे हाल नकोत.

दादाचा आग्रह लॅब्रॅडॉरचा. लॅब मायाळू असतो, मुलांत रमतो, सगळं खरं. पण तो २५-३० किलोचा सहज होतो आणि या जातीत खुब्याच्या सांध्याचा त्रास बराच आढळतो. म्हातारपणी जिना चढवेना झाला तर तीन मजले उचलून कोण आणणार? शिवाय तरुण लॅब पट्ट्याला जोरात ओढतो. बाबांना हिसका बसून ते पडले तर, ही धास्ती वेगळीच.

लेकीला शिह त्झू हवाय. कडेवर घेऊन जिना उतरता येईल, हे पटतं. पण शिह त्झू काय, पग काय, चपट्या नाकाच्या कुत्र्यांना उकाडा सोसत नाही, उष्माघाताचा धोका असतो. मे आणि ऑक्टोबरमध्ये दिवसभर एसी लावणं आम्हाला परवडणार नाही. बर्फाळ प्रदेशातल्या हस्कीचा तर विचारच नको. मुंबईच्या दमट हवेत त्या जातीला ठेवणं मला क्रूरपणाचं वाटतं.

माझं मन देशीवर आहे. आखूड केस, इथल्या हवेला सरावलेली अंगकाठी, आणि ठरावीक जातींमध्ये पिढ्यान्‌पिढ्या येणारे आजारही कमी. एका शेल्टरमध्ये चारेक वर्षांची कुत्री पाहून आलोय. मध्यम बांध्याची, नसबंदी आणि रेबीजची लस झालेली. बाबा बाकावर बसले तर ही शेजारी येऊन बसली, अंगावर उड्या वगैरे काही नाही. पिल्लापेक्षा मोठी कुत्री बरी, असं मला दोन कारणांनी वाटतं. स्वभाव आधीच कळतो. आणि कुत्रं बारा-तेरा वर्षं जगतं, म्हणजे आज पिल्लू आणलं तर ते म्हातारं होईपर्यंत बाबा पंचाऐंशीला टेकतील. त्यांना झेपेनासं झालं तर पुढचं सगळं मी आणि नवरा बघू, हे आमचं ठरलंय.

आता जिथे अडलेय ते सांगते.

आमची इमारत रीडेव्हलपमेंटला जाणार आहे. सोसायटीला कुत्रा पाळायला बंदी घालता येत नाही, भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाच्या २०१५च्या सूचनांत ते स्पष्ट आहे. पण दोन-तीन वर्षं भाड्याच्या घरात काढायची आणि घरमालकच नको म्हणाला तर? कुत्र्यासह पार्ले-अंधेरी भागात भाड्याने घर मिळवलेलं कुणी आहे का? एजंटला आधीच सांगितलंत की घर बघताना?

दुसरं, पावसाळा. आमच्या गल्लीत पाणी तुंबतं आणि उंदीर आहेत, म्हणजे लेप्टोची (उंदरांच्या लघवीने दूषित झालेल्या पाण्यातून होणारा लेप्टोस्पायरोसिस) भीती कुत्र्यालाही आणि आम्हालाही. लेप्टोची लस दरवर्षी द्यायची एवढं माहीत आहे. मुसळधार पावसात फिरवायचं कसं? गोचिडांसाठी गोळी बरी की मानेवर लावायचं औषध?

आम्ही गणपतीला कणकवलीला जातो. रेल्वेत फर्स्ट एसीचा अख्खा कूपे किंवा केबिन (दार लावता येणारी छोटी खोली) आपल्यापुरती मिळाली तरच कुत्रं सोबत नेता येतं, नाहीतर गार्डच्या डब्यातल्या पेटीत, आणि तसं मी तिला नेणार नाही. गाडीने एवढा प्रवास देशी कुत्र्यासोबत केलेल्यांनी कुठे-कुठे थांबावं ते सांगा. की अशा वेळी ओळखीच्या घरी ठेवलेलं बरं?

सर्वात मोठा प्रश्न असा, की मोकळ्यावर वाढलेली कुत्री दोन खोल्यांच्या घरात रुळते का? दुपारी तिच्यासोबत फक्त बाबा असतील. जिने चढून-उतरून दिवसात दोनदाच नेणं त्यांना शक्य आहे, रात्री मी नेईन. एवढं पुरेल का? शेल्टरवाले आधी पंधरा दिवस घरी ठेवून बघा म्हणताहेत. ज्यांनी मोठं देशी कुत्रं दत्तक घेतलंय त्यांनी कृपया सांगा, त्या दिवसांत नेमकं काय बघायचं, आणि काय दिसलं तर तिच्या भल्यासाठी आपण नाही म्हणायचं?